आकाशाने दिलेली खुर्ची

मिलिंद, दमले रे मी. तू गेल्यापासून फोन घेऊन दमले, 'हो, शेवटी फार त्रास नाही झाला' असं त्याच त्या आवाजात सांगून दमले, लोकांनी आणून दिलेले डबे घासून परत करून दमले. आणि सगळ्यात जास्त दमले ते एका प्रश्नाने. आता रविवारच्या वर्गाचं काय? शिंदे डॉक्टर विचारतात, तुझी लेक सुजाता विचारते, ईलिंगच्या त्या हॉलचं बुकिंग बघणारी बाईसुद्धा विचारते. नव्या वर्षी हॉल ठेवायचा की सोडायचा, हे तिला नाताळच्या आत कळायला हवंय.

प्रश्न तू मागे ठेवून गेलास. मी उत्तर देत नाहीये, कारण मला अजून तुझ्यावर रागावून व्हायचंय.

बाहेरच्या माणसाला आपला वर्ग समजावून सांगणं हेच एक काम होतं. लंडनमधली पिकल्या केसांची मराठी माणसं महिन्यातल्या एका रविवारी जमतात आणि प्राचीन चीनमधल्या आकाशाविषयी बोलतात, हे ऐकल्यावर लोक आधी हसायचे आणि मग 'पण का?' विचारायचे. माझ्या बहिणीने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "तुम्हाला तिकडे भजनी मंडळ नाही का मिळालं?" हे तुला सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की चष्मा काढून पुसावा लागला.

तू शाळेत इतिहास शिकवायचास. कुठल्याशा इव्हनिंग क्लासला गेलास, तिथे जुन्या चिनी ग्रंथांची गोडी लागली आणि पन्नाशीत ती चित्रविचित्र अक्षरं गिरवायला बसलास. मग एकट्याला पचेना म्हणून आम्हाला ओढलंस. मी कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात उभं आयुष्य काढलेली इंजिनियर. क्रॉयडनहून ट्राम, मग दोन गाड्या बदलून ईलिंगला यायचं ते तुझ्याशी भांडायला. हे तूच सगळ्यांना सांगायचास. "लेलेबाई येतात ते मला खोटं पाडायला. चहा त्यांना आधी द्या, ताकद लागते."

महिन्याचे हुकूम वाचायची पद्धत तुझीच. त्या जुन्या ग्रंथांत राजाने कुठल्या महिन्यात काय करावं हे लिहिलेलं असतं. वसंतात त्याने हिरवे कपडे घालावेत, महालाच्या पूर्वेकडच्या दालनात राहावं, झाडं तोडू देऊ नयेत, कैद्यांच्या बेड्या सैल कराव्यात. शिक्षा, फाशी, युद्ध हे सगळं शरदासाठी राखून ठेवावं, कारण तेव्हा आकाशच पानं मारत असतं. राजाने वसंतात शरदाचे हुकूम काढले तर अवेळी थंडी पडते, पीक जातं, प्रजा आजारी पडते. तू आधी हे वाचायचास आणि मग त्या आठवड्यात आपल्या सरकारने काय केलं ते पेपरातून वाचायचास. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, पण तुला कबूल केलं नाही. उलट म्हणाले, "म्हणजे व्हिसाचे नियम मे महिन्यात कडक केले म्हणून जूनमध्ये गारा पडल्या का?"

"पडल्या असत्या तर बरं झालं असतं," तू म्हणालास.

आणि तो खाण्याचा प्रकार! प्रत्येक ऋतूला एक तत्त्व, एक दिशा, एक रंग. म्हणून डबेही रंगाप्रमाणे आणायचे. वसंतात हिरवं, म्हणजे कोथिंबीर वडी नाहीतर मुगाची उसळ. उन्हाळ्यात लाल, तेव्हा तू स्वतः नागपुरी रस्सा करायचास आणि आम्ही नाकं पुसत पाच तत्त्वांवर चर्चा करायचो. शरदात पांढरं, हिवाळ्यात काळं. एका डिसेंबरात मी घरी होते तेवढे तिळाचे लाडू घेऊन आले, पांढऱ्या तिळाचे. तू भर वर्गात माझ्यावर खटला चालवलास. म्हणालास, या बाईंनी हिवाळ्यात शरदाचं खाणं आणून राज्य धोक्यात घातलंय. शिंदे डॉक्टरांनी माझं वकीलपत्र घेतलं आणि पुरावा खाऊन टाकला.

गोष्ट हसण्यावारी न्यायची, आणि हसून झालं की ती हळूच टेबलावर ठेवायची, ही तुझी खोड. दिशांचं तसंच केलंस. चिनी राजा उत्तरेकडे पाठ आणि दक्षिणेकडे तोंड करून बसतो, प्रजा उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. म्हणून हॉलमध्ये तू तुझी खुर्ची दक्षिणेकडे तोंड करून मांडायचास. मला ते बघवायचं नाही. आमच्या घरी दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसलं तर आई ताट उचलून फिरवायची. यमाची दिशा. मी देव मानत नाही, पण अंगात मुरलेलं जात नाही. मी तसं बोलून गेले तर तू शांतपणे म्हणालास, "तुझ्या आईने ताट फिरवलं. माझ्या आजोबांची अख्खी वस्ती फिरवली होती, विद्या. गावाच्या कुठल्या बाजूला राहायचं, वारा कुणाकडून कुणाकडे गेला पाहिजे, सावली कुठे पडली तर चालते, हे सगळं ठरलेलं. दिशा ही भूगोलाची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, ते गावाच्या आत राहणारे."

त्या दिवशी ट्राममध्ये मी काही वाचलं नाही. नुसती बाहेर बघत बसले होते.

खरं तर म्हणूनच मला तुझं कोडं सुटायचं नाही. आकाशाच्या नावाने माणसाला जागा नेमून देणारी व्यवस्था तुझ्या घराण्याने अंगावर झेललेली. तुझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तोच त्या आकाशाला रामराम ठोकून. तू विहारात जाणारा, जयभीमवाला, माझ्यापेक्षा कितीतरी पक्का नास्तिक. आणि तू जाऊन प्रेमात पडलास कशाच्या, तर आकाश राजाला गादीवर बसवतं या कल्पनेच्या! मी म्हणायचे, "अरे, एका आकाशातून सुटलास आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलास की!"

तुझं उत्तर पाठ आहे मला. "आपलं आकाश जन्माला चिकटतं, ते कधी परत घेत नाही. त्यांचं आकाश परत घेतं. गादी मिळाली ती चांगलं वागलास म्हणून. प्रजेचे हाल केलेस तर आकाश हुकूम मागे घेणार आणि उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला देणार. जन्माने कुणीच राजा नाही. हे किती मोठं आहे तुला कळतंय का? आकाश मानायचंच असेल तर असं माना, जे मोठ्यांना खाली उतरवतं."

आणि माझं उत्तर तुला पाठ होतं. आकाशाने हुकूम मागे घेतला हे कळतं कधी? राजा हरल्यावर. जिंकणारा म्हणतो, आकाश माझ्या बाजूने होतं. हरणारा मेलेला असतो. पाच तत्त्वांचं तेच. आधीचं घराणं अग्नीचं, म्हणून पहिला सम्राट म्हणाला आमचं पाण्याचं, पाणी अग्नीला विझवतं. मग झेंडे काळे, कपडे काळे, आणि पाणी थंड आणि कठोर म्हणून कायदेही कठोर, दयामाया नाही. त्यात आकाश कुठे आलं? सत्ता आधी घेतली, तत्त्व मागून चिकटवलं. रंग बदलला, चाबूक तोच. धूमकेतू दिसला म्हणून कर माफ करणारे राजे मला सांगू नकोस, मी म्हणायचे, न करणारे किती होते ते सांग.

"बरेच होते," तू कबूल करायचास. वादात खोटं बोलायचा नाहीस, याचाही मला राग यायचा.

पुरावर तर आपलं कधीच जमलं नाही. माझं आयुष्य पुरात गेलं. त्या ग्रंथांत नदी फुगली की राजा जाहीर करतो, दोष माझा, माझ्या कारभारात काहीतरी चुकलं, मला स्पष्ट बोला. तू हे वाचताना तुझा आवाज बदलायचा. मी कपाळाला हात लावायचे. "मिलिंद, पूर आला म्हणजे राजा पापी असं नसतं रे. गटार तुंबलेलं असतं. पाइपचा व्यास कमी पडलेला असतो. आकाशाला कुणाच्या चारित्र्याशी देणंघेणं नाही. हे कळायला माणसाला हजारो वर्षं लागली, ते तू परत उलटं फिरवू नकोस." यावर तू काहीतरी बोलायचास, मी आणखी काहीतरी, आणि मग कुणीतरी म्हणायचं की हॉल रिकामा करायची वेळ झाली. रस्त्यावर, स्टेशनपर्यंत, गेटच्या अलीकडे तू आणि पलीकडे मी, तोच वाद. तिथला माणूस एकदा म्हणाला होता, तुम्हा नवराबायकोंना बाजूला उभं राहून भांडता येईल का. तू त्याला अदबीने सांगितलंस की नवराबायको इतकं मन लावून भांडत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये तुला भेटायला आले तेव्हा तू खिडकीतल्या उन्हाकडे बघून हिशेब केला होतास. "उत्तरेकडे तोंड आहे माझं," म्हणालास. "आता प्रजा झालो बघ." नर्सला वाटलं तुला पलंग हलवून हवाय. ती बिचारी ब्रेक सोडायला लागली आणि तू 'नो, नो, आय ॲम फाइन, आय ॲम अ सिटिझन' म्हणत हसत सुटलास, मग खोकत. त्या खोकल्यात मला कळलं की आपण आता फार दिवस भांडणार नाही.

त्याच दिवशी तू म्हणालास, "वर्ग तू चालव."

"मी? मला यातलं काही पटत नाही, हे तुला माहीत आहे."

"म्हणूनच. बाकीचे सगळे माझ्याशी सहमत असतात. सहमत माणसांच्या हातात दिलं तर तीन महिन्यांत त्याची पूजा सुरू होईल."

मी म्हणाले, "बघू."

"पुण्याच्या माणसाचं 'बघू' म्हणजे नाहीच की," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. रागावला नव्हतास, थकला होतास. मीही थकले होते. मला म्हणायचं होतं की वर्गाचं राहू दे, तू राहा. असलं वाक्य आपल्यात कधी बोललं गेलं नव्हतं, ते हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून एकदम कुठून सुचणार?

तू शरदात गेलास. स्मशानभूमीत सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते, विहारातले, शाळेतले तुझे जुने विद्यार्थी, आम्ही. भन्तेंनी त्रिसरण म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. वेळ नेमून दिलेली, बाहेर पुढची मंडळी थांबलेली, त्यामुळे रडणंसुद्धा आटोपशीर. शिंदे डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "ऋतू शरद आणि सगळे पांढऱ्यात. मिलिंदचं कधी नव्हे ते सगळ्यांनी ऐकलं." मी हसले आणि मग मला थांबताच येईना. लोकांना वाटलं मी रडतेय. म्हटलं, वाटू दे.

परवाचा रविवार हा खरं तर वर्ग नव्हता. हॉल ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला जमायचं, एवढंच होतं. मी घरून निघाले ती सोडायचा हे ठरवूनच. क्रॉयडनहून ईलिंगला जायला आता गुडघे कुरकुरतात. तुझ्याशी भांडायला मी येत होते. तू नाहीस, तर त्या राजांशी आणि त्यांच्या हिरव्या कपड्यांशी माझं काय नातं? शब्दही जुळवून ठेवले होते. मिलिंदचा वर्ग मिलिंदबरोबर पूर्ण झाला, असं काहीतरी सुबक.

सुजाता आली होती. ती म्हणाली, "मावशी, बाबाचा आवाज ऐकायची सवय होता मला, संडेला. लास्ट टाइम म्हणून आली." तिचं मराठी ऐकून तू नेहमी कळवळायचास आणि कधी सुधारायचा नाहीस. मीही नाही सुधारलं.

मी बोलायला उभी राहणार, तेवढ्यात शिंदे डॉक्टरांनी भाषणासारखं काही सुरू केलं. प्रामाणिकपणे बोलत होते. मिलिंदने आपल्याला किती दिलं, वगैरे. मग म्हणाले, "बट लेट्स बी ऑनेस्ट, विद्याताईंचं म्हणणं बरोबर होतं. ब्यूटिफुल आहे सगळं, पण शेवटी ती सुपरस्टिशनच. पाऊस म्हणजे पाऊस. त्यात राजाचा काय दोष? वी नो बेटर नाऊ."

माझीच वाक्यं. जवळजवळ शब्दाला शब्द.

मी म्हणाले, "डॉक्टर, एक मिनिट."

मग मी त्यांना आमच्या ऑफिसची गोष्ट सांगितली, जी मी तुला कधी सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. पाऊस जास्त झाला, उताराच्या खालच्या टोकाची घरं पाण्यात गेली, की एक मोठा माणूस नव्या कोऱ्या गमबुटांत येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा. म्हणायचा, असा पाऊस कुणी पाहिला नव्हता, निसर्गापुढे कुणाचं काही चालत नाही. आम्ही नाले साफ करायला माणसं मागत होतो, पाइप मोठे करा म्हणत होतो, ते सगळं त्या एका वाक्यात वाहून जायचं. आणि पाणी दरवेळी त्याच घरांत शिरायचं. खालच्या टोकाला कोण राहतं हेही ठरलेलंच असतं, तुझ्या आजोबांच्या गावात काय आणि इथे काय.

मी म्हणाले, "पाऊस कुणाचाच नसतो, हे आपण शास्त्र म्हणून शिकलो. मोठ्या माणसांनी ते सुटका म्हणून उचललं. आकाशाला चारित्र्याशी देणंघेणं नाही, म्हणजे मग त्यांच्या चारित्र्याविषयी कुणी विचारायचंच नाही. हीसुद्धा आकाशाची एक पोथीच झाली, डॉक्टर. फक्त हिच्यात राजा कायमचा निर्दोष आहे. ती जुनी पोथी खोटी असेल. पण तिच्यात पाणी घरात शिरलं की गादीवरच्या माणसाला बाहेर येऊन 'माझं चुकलं' म्हणावं लागायचं, निदान म्हणायला हवं असं सगळे धरून चालायचे. आपण खरं काय ते शोधून काढलं, आणि त्या नादात विचारायचं कुणाला, तेच हरवून बसलो."

डॉक्टर चष्मा काढून बसले. भले गृहस्थ ते, म्हणाले, "फेअर पॉइंट, विद्याताई. आय गिव्ह अप."

सुजाता माझ्याकडे बघत होती. "मावशी," ती म्हणाली, "हा तर बाबाचा साइड आहे."

"हो," मी म्हणाले.

मी उभीच होते. सवयीने थांबले होते, मिलिंद. या मुद्द्याला एक मोठं भगदाड आहे, राजा 'माझं चुकलं' म्हणाला म्हणून पाइप काही मोठा होत नाही, ते मला बोलतानाच दिसत होतं, आणि तुला तर माझ्याआधी दिसलं असतं. तू पुढे वाकून, बोट वर करून म्हणाला असतास, लेलेबाई, पण. त्या 'पण'साठी मी थांबले होते. कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना पटलं होतं. तू म्हणत होतास ती सहमत माणसं माझ्यासमोर ओळीने बसली होती.

हॉल ठेवलाय. त्या बाईंना तसं कळवलं. शिंदे डॉक्टरांना सांगितलंय की पुढच्या वेळी माझ्याविरुद्ध तयारी करून या, 'गिव्ह अप' म्हणायला येऊ नका. सुजातालाही सांगितलंय. ती म्हणाली, "मला येतो आर्ग्यू करायला, मावशी." बघू. हे 'बघू' खरं आहे.

पण ते पुढचं. आज मला एवढंच म्हणायचंय की पुराचा वाद संपला, आणि तुझ्या बाजूने संपला. इतकी वर्षं तू मला जे पटवू शकला नाहीस ते मीच मला पटवलं, माझ्याच गटारांतून, आणि तुझ्याकडे पोचले तर तू घरी नाहीस. मला हरायला हरकत नव्हती रे. कधीतरी हरणार हे मला ठाऊक होतं, मनातून मी त्याची वाटही बघत होते. पण तुझ्यासमोर हरायचं होतं मला. तुझा तो चेहरा बघायचा होता.